सोडियम: रॉकेलच्या बाटलीतलं, बॅटरीतलं आणि जेवणातलं

प्रश्न कोल्हापूरच्या एका गृहस्थांचा आहे, थोडक्यात असा. नवी स्कूटर घ्यायचीय, घरचा इन्व्हर्टरही बदलायला झालाय, सगळीकडे ऐकू येतंय की सोडियमची बॅटरी येतेय, ती मिठापासून बनते म्हणजे स्वस्तच पडणार, मग थांबू का? दुसरं, शाळेत सोडियम पाण्यात टाकलं की पेटतं हे बघितलंय, असली वस्तू घरात कशी ठेवायची? आणि वडिलांना बीपी आहे, डॉक्टरांनी "सोडियम बंद" सांगितलंय, त्यामुळे आई म्हणते ही बॅटरी घरात नकोच.

आईंच्या प्रश्नाला हसू नका, इंजिनिअर झालेली पोरंसुद्धा मला हेच विचारतात, फक्त जरा भारी शब्दांत. मी गेली पंधरा वर्षं बॅटरीच्या मटेरियलवर काम करतोय, त्यातली शेवटची आठ नुसत्या सोडियमवर, तेव्हा जमेल तसं सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

सगळा गोंधळ एका शब्दाचा आहे. सोडियम धातू वेगळा आणि सोडियम आयन वेगळा. धातूकडे बाहेरच्या कक्षेत एक जादाचा इलेक्ट्रॉन असतो आणि तो कुणाच्या तरी गळ्यात घालायला तो टपलेला असतो. एकदा दिला की झाला आयन, मग तो शांत. जेवणातलं मीठ, समुद्राचं पाणी, घाम, रक्त, बॅटरी, सगळीकडे आहे तो हा शांत झालेला. धातू निसर्गात सुटा मिळतच नाही, हम्फ्री डेव्हीने १८०७ साली वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून तो पहिल्यांदा वेगळा काढला.

आमच्याकडे तो धातू लागतो, पण फक्त टेस्टिंगला. तेलात बुडवलेले ठोकळे येतात, ते आर्गॉन (कशाशीही सहसा क्रिया न करणारा वायू) भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, घेऊन सुरीने कापायचे. इतका मऊ की साबणाची वडी कापल्यासारखं वाटतं, कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि बाहेरच्या हवेत हेच केलं तर बघता बघता काळपट पडते. मग लाटून पातळ चकती करायची आणि बटण सेलमध्ये बसवायची. एकदा आमच्यातल्या एका नव्या मुलाने सुरी पुसलेला टिश्यू बॉक्समधून बाहेर काढून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला, डब्यात कुणीतरी चहाचा ओला कप टाकलेला होता, पाच मिनिटांत डब्यातून धूर. कुणाला काही झालं नाही पण त्या दिवसापासून असला टिश्यू आधी प्रोपेनॉलमध्ये बुडवून निवू द्यायचा आणि मगच बाहेर काढायचा हा नियम झाला. त्या टिश्यूवरचं सोडियम तुमच्या नखावर मावेल इतकं असेल.

हे पाण्यातलं फुटणं आपण शाळेत शिकलो ते अर्धंच होतं बरं का. हायड्रोजन निघतो, उष्णतेने पेटतो, धडाम. पण मग प्रश्न असा पडतो की हायड्रोजनचा थर मध्ये आला की धातू पाण्यापासून तुटायला हवा आणि सगळं थंडावायला हवं, तसं का होत नाही? २०१५ मध्ये प्रागच्या पावेल युंगविर्थ आणि फिलिप मेसन यांच्या गटाने सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचे थेंब पाण्यात टाकून अतिवेगवान कॅमेऱ्याने बघितलं, तर मिलिसेकंद व्हायच्या आत थेंबातून काटे बाहेर आले, साळिंदरासारखे. इलेक्ट्रॉन इतके झटकन पाण्यात पळतात की मागे उरलेले धन आयन एकमेकांना ढकलून धातूच्या चिंधड्या करतात, त्याने पाण्याला नवीन पृष्ठभाग मिळत राहतो आणि मग स्फोट. दोनशे वर्षं वर्गावर्गात करून दाखवलेला प्रयोग, आणि त्यातली ही गोष्ट कुणाला माहीतच नव्हती.

तर आता बॅटरी. सोडियम आयन बॅटरीत धातूचा ठोकळा नसतोच. एका बाजूला सोडियम धरून ठेवणारा पदार्थ, दुसऱ्या बाजूला एक प्रकारचा कोळसा, मध्ये पातळ जाळी आणि इलेक्ट्रोलाइट, आणि आयन इकडून तिकडे येरझाऱ्या घालतात. चार्ज करताना कोळशात जातात, वापरताना परत येतात. प्रमाणाबाहेर चार्ज केलं किंवा फार थंडीत फार जोरात चार्ज केलं तर कोळशावर धातूचा थर बसू शकतो, तिथे मात्र धोका आहे, आणि तो लिथियममध्येही तसाच आहे.

कोळशाचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो कारण यावर फार चुकीचं लिहिलं जातं. लिथियमच्या बॅटरीत ग्राफाइट असतं, वहीच्या पानांसारखे थर, पानांमध्ये लिथियम जाऊन बसतं. सोडियम त्यात बसत नाही, आणि कारण म्हणून सगळे ठोकून देतात की सोडियमचा आयन मोठा आहे. मोठा आहे हे खरं, लिथियमच्या आयनाची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम, सोडियमची १.०२. पण पोटॅशियम तर त्याहून मोठं, आणि ते त्याच ग्राफाइटमध्ये आरामात बसतं! म्हणजे नुसता आकार हे कारण होऊच शकत नाही. सोडियम आणि ग्राफाइट यांचं मिळून जे संयुग बनायला हवं ते ऊर्जेच्या हिशोबाने टिकाऊ ठरत नाही, हे खरं कारण. त्यातही गंमत अशी की २०१४ मध्ये जर्मनीत याखे आणि आडेलहेल्म यांनी दाखवलं की डायग्लाइम नावाचं द्रावक वापरलं तर सोडियम त्या द्रावकाचे रेणू अंगाभोवती घेऊनच ग्राफाइटमध्ये शिरतं, म्हणजे एकटा जाईना पण सोबतीला कुणी असलं की जातो.

मग उपाय निघाला हार्ड कार्बनचा. २००० साली कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी दाखवलं की साखरेपासून, म्हणजे ग्लुकोजपासून केलेल्या वेड्यावाकड्या कोळशात सोडियम ग्रॅममागे जवळपास ३०० मिलिअँपिअर-अवर इतकं साठतं. ग्राफाइटमध्ये लिथियम ३७२. या कोळशात कार्बनचे छोटे छोटे पत्रे कसेही पडलेले असतात, पत्त्यांचा बंगला कोसळल्यावर पत्ते पडतात तसे, आणि मधल्या फटीत आणि बिळांत सोडियम जाऊन बसतं. हा कोळसा नारळाच्या करवंटीपासूनही करतात. करवंटी हजार-बाराशे अंशाच्या वर हवेशिवाय भाजायची, आम्ही १३०० पर्यंत नेतो, आणि किलोभर करवंटीतून हातात पाव किलोच्या आसपास येतं. कोकणातले लोक विचारतात आमच्या करवंट्यांना भाव येणार का. येईल कदाचित, पण आधी ॲसिडने धुवून त्यातली राख काढावी लागते आणि दर वाडीचा माल वेगळा निघतो, तिथे आमचं अडतं.

आणि पहिल्या चार्जलाच या कोळशाच्या पृष्ठभागावर एक थर तयार होतो, त्यात दहा ते वीस टक्के सोडियम कायमचं अडकतं. ते परत येत नाही. दुकान उघडायच्या आधीच गल्ल्यातले पैसे गेले म्हणा ना.

दुसऱ्या बाजूचा म्हणजे कॅथोडचा पदार्थ तीन घराण्यांतला असतो. एक थरांचे ऑक्साइड, त्यात निकेल, लोखंड, मँगनीज. दुसरं प्रशियन ब्लू, हा तोच निळा रंग जो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. तिसरं फॉस्फेटवालं, व्हॅनेडियम किंवा लोखंडासोबत. ऑक्साइडमध्ये ऊर्जा जास्त मावते म्हणून सगळे तिकडे धावतात, पण पावसाळ्यात ते काय रंग दाखवतात ते आम्हालाच माहीत. जुलैत एकदा आमचा ड्रायरूमचा डिह्युमिडिफायर दुपारी बंद पडला, कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑक्साइडच्या पावडरने हवेतला ओलावा खेचला, अंगावर कॉस्टिक सोडा तयार झाला, त्याने बाइंडर (पावडर फॉइलला चिकटवणारा पदार्थ) बिघडवला, आणि संध्याकाळी स्लरीचं, म्हणजे फॉइलवर लावायच्या पातळ लगद्याचं, भांडं उघडलं तर आत खरवस! अक्षरशः खरवस, चमचा उभा राहील असा. दीड किलो माल गेला. लिथियमच्या निकेलवाल्या पावडरींनाही हा रोग आहे पण सोडियमवाल्यांना जरा जास्तच. म्हणून कुणी "सोडियम सोपं, लिथियमच्या मशीनवरच होतं" म्हणालं की मी म्हणतो हो, मशीन तेच, पण जुलैत पुण्यात या एकदा.

आता मिठामुळे स्वस्त पडण्याचं गणित करूच. साधा हिशोब असा की एक युनिट वीज साठवायला साधारण पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम सोडियम आत-बाहेर करावं लागतं. तुमच्या स्कूटरची बॅटरी ३ युनिटची धरली तर ८५०-९०० ग्रॅम सोडियम. मिठात ३९ टक्के सोडियम असतं, म्हणजे सव्वादोन किलो मीठ, वाया जाणारं धरून तीन-साडेतीन किलो. वाण्याकडून पाकिटातलं घेतलं तरी शंभर रुपयांच्या आसपास! (प्रत्यक्षात मिठापासून आधी सोडा ॲश करतात, गुजरातेत मिठापूरला वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि तो सोडा ॲश कॅथोडच्या भट्टीत जातो.) मग बाकीचे हजारो रुपये कशाचे? निकेल-मँगनीजचे, १३०० अंशाच्या भट्टीच्या विजेचे, इलेक्ट्रोलाइटचे, जाळीचे, ॲल्युमिनियमच्या फॉइलचे, सेलच्या डब्याचे, सर्किटचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

उलट लिथियमकडे बघा. तेवढ्याच ३ युनिटच्या एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीला पावणेदोन-दोन किलो लिथियम कार्बोनेट लागतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये त्याचा भाव टनाला ६ लाख युआनच्या घरात गेला होता, म्हणजे तुमच्या स्कूटरमागे नुसतं लिथियम बारा हजार रुपयांचं. तेव्हा सोडियम सगळ्यांना देवासारखं दिसायला लागलं, दर आठवड्याला नवीन कंपनी. मग भाव कोसळला, २०२५ च्या मध्याला ६० हजार युआनच्या आसपास होता, म्हणजे तेच लिथियम साधारण तेराशे रुपयांत. बारा हजाराचे तेराशे झाल्यावर सोडियमने बचत करायची कशातून? ग्यानबाची मेख इथे आहे. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टने २०२३ मध्ये सोडियम सेल जाहीर केला आणि २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यांच्या अडचणी इतरही होत्या. अमेरिकेतली नॅट्रॉन, जी प्रशियन ब्लूवर चालायची, तीही २०२५ मध्येच बंद झाली. टिकून आहेत ते मुख्यतः चीनवाले. त्यातल्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये किलोला १६० वॉट-अवरचा सेल दाखवला, २०२५ मध्ये १७५ चा, आणि २०२४ मध्ये हुबेई प्रांतात १०० मेगावॉट-अवरचं सोडियमचं साठवण केंद्र चालू झालं. म्हणजे हवेतल्या गप्पा नाहीत हे नक्की.

आपल्याकडे रिलायन्सने इंग्लंडची फॅराडिअन कंपनी १० कोटी पौंडांच्या मूल्याने घ्यायचं २०२१ च्या अखेरीस जाहीर केलं. पुण्यात केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियमचं तंत्रज्ञान मांडलं, त्यात आयसर पुणे या विज्ञान संस्थेचे सतीशचंद्र ओगले सर आहेत. बेंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेतून २०२५ मध्ये सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज होणाऱ्या सोडियम बॅटरीची बातमी आली. काम चांगलं आहे. पण अशी कुठलीही बातमी वाचताना मी आधी बघतो की दुसरा इलेक्ट्रोड कोण होता, कारण पेपरात बरेचदा समोर सोडियम धातूची चकती असते, तीच मी मघाशी साबणाची वडी म्हटलेली, आणि तिच्यात सोडियमचा साठा भरपूर असल्यामुळे तो पहिल्या चार्जचा तोटा झाकला जातो. मग बघतो फॉइलवर मटेरियल किती जाड लावलं होतं, एका चौरस सेंटिमीटरवर एक-दोन मिलिग्रॅम लावलं तर काय, कसलीही बॅटरी भन्नाट पळते, विकायच्या सेलमध्ये दहा मिलिग्रॅमच्या वर लागतं. हे माझ्या स्वतःच्या पेपरांनाही लागू आहे, उगाच दुसऱ्याकडे बोट नको.

सुरक्षिततेबद्दल लोक म्हणतात सोडियम पेटत नाही. चूक. इलेक्ट्रोलाइट बहुतेक तसाच ज्वलनशील असतो, भोक पाडलं, दाबलं, जास्त चार्ज केलं तर पेटू शकते. एक फायदा मात्र शंभर नंबरी आहे. लिथियमच्या सेलमध्ये एका बाजूला तांब्याची फॉइल लागते, सोडियममध्ये दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालतं, कारण सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही. त्यामुळे सेल पार शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ट्रकमध्ये टाकला तरी खराब होत नाही. लिथियमचा सेल तितका उतरवला तर तांबं विरघळायला लागतं. गाडी-गोदाम करणाऱ्यांना याची किंमत विचारा. आणि ते प्रशियन ब्लू, ज्यात सायनाइड आहे म्हणून लोक दचकतात, ते लोखंडाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की हाच पदार्थ थॅलियम आणि किरणोत्सारी सीझियमच्या विषबाधेवर गोळ्या म्हणून देतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००३ मध्ये मान्यता दिलीय. आग लागली तर मात्र त्यातून विषारी वायू निघू शकतो, तेव्हा जळत्या बॅटरीजवळ, कुठल्याही, थांबायचं नाही.

बरं, आता वडील. सीलबंद डब्यातला सोडियम आयन हवेत उडत नाही, अंगात शिरत नाही, त्यामुळे बॅटरी आणि बीपी यांचा काडीचाही संबंध नाही, आईंना निर्धास्त राहू द्या. पण शरीरातलं सोडियम बघितलं ना तर बॅटरीवाल्याला घरच्यासारखं वाटतं, कारण पेशीसुद्धा आयन इकडून तिकडे करूनच चालते. पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, अखंड. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये तो शोधला, १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जुलाबात ओआरएस काम करतं तेही याच्याच जोरावर, आतड्यात ग्लुकोज सोडियमचा हात धरून आत जातं आणि मागून पाणी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी बादल्या भरभरून हे पाणी पाजलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या आत आणले. मीठ, साखर, पाणी. आम्ही कोट्यवधींच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये हात घालून बसतो आणि एवढा माणूस वाचवला कुणी, तर त्यांनी.

मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं त्यांनाच विचारा. पण "सोडियम बंद" याचा अर्थ शून्य असा घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ, सपाट एक चमचा. जगाची सरासरी याच्या दुपटीच्या वर आहे. माझ्या सासऱ्यांनी बीपीच्या धास्तीने मीठ पार सोडलं होतं, त्यात लघवी जास्त होणारी गोळी चालू आणि मे महिना. एक दिवस मला ओळखेनात. रक्तातलं सोडियम १२१ निघालं, असायला हवं १३५ ते १४५. दवाखान्यात ते हळूहळू वर आणलं, कारण झपकन वाढवलं तर मेंदूला इजा होते. तेव्हा कमी म्हणजे कमी, आणि ते कमी लोणचं, पापड, फरसाण, खारी, सुकट यांतून करायचं. भज्यातला खायचा सोडासुद्धा सोडियमच आहे. आणि सैंधव! ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, उपासाला चालतं म्हणून बीपीला चालतं असं नाही, वर आयोडीन नाही ते वेगळंच.

कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला, पाऊण सोडियम-पाव पोटॅशियमचं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. पण किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर तेच पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. आणखी एक गोष्ट, जी ऐकली तेव्हा माझ्यातला बॅटरीवाला खूश झाला होता. मनाच्या आजारावर लिथियमची गोळी देतात, आणि किडनीला लिथियम आणि सोडियम यांतला फरक नीट कळत नाही. माणसाने अचानक मीठ कमी केलं की किडनी सोडियम वाचवायच्या नादात लिथियमही धरून ठेवते आणि त्याचं विष चढू शकतं. आम्ही ज्या दोघांच्या फरकापायी पंधरा वर्षं घासतोय, त्या दोघांना किडनी भाऊ भाऊ समजते.

तर तुमचा निर्णय. स्कूटरसाठी थांबू नका, हवी असेल तर एलएफपी घ्या, तेवढ्याच वजनात ती आजही पुढे नेते आणि कडाक्याच्या थंडीत सोडियमची बॅटरी जास्त चांगली चालते, पण तो फायदा लेहला कामाचा, कोल्हापुरात नाही. इन्व्हर्टरसाठी मात्र माझं मत वेगळं आहे. सोडियमची खरी लढाई लिथियमशी नाहीच, ती ॲसिडच्या बॅटरीशी आहे, जी किलोला ३०-४० वॉट-अवर देते, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर मागते आणि पूर्ण उतरली की मरते. तिथे वजनाचं कुणाला पडलेलं नसतं. फक्त घेताना एक बघा, सोडियम सेलचा व्होल्टेज ४ पासून दीडपर्यंत घसरत जातो. चार सेलची "१२ व्होल्ट" बॅटरी म्हणजे १६ पासून ६ पर्यंत. तुमचा जुना इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला कट मारत, म्हणजे बॅटरी वापरणं थांबवत, असेल तर बॅटरीतला खालचा माल तसाच पडून राहील आणि तुम्ही म्हणाल कंपनीने फसवलं. विकणाऱ्याला कट-ऑफ विचारा, सांगता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.

आणि वडिलांच्या मिठाच्या पाकिटावर बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय का ते आज संध्याकाळीच बघा. असेल तर त्यांचा क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट शोधून ठेवा आणि पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा.